बिटकीचं बसकर

एक होती खार. एवढीशी. नाव बिटकी.

तिची शाळा तळ्याकाठी, फणसाखाली. गुरुजी कोण? बगळा. ज्यानं त्यानं आपलं बसकर घरून आणायचं. बिटकीचं बसकर आईनं शिवलेलं. लाल ठिगळाचं. मऊ मऊ.

बिटकी फळा पुसायला उठली. परत आली तर बसकरावर बेडूक. गलेलठ्ठ. डोळे मिटून.

बिटकी म्हणाली, "ऊठ."

म्हणाली कशी? तोंडातल्या तोंडात. तिच्या मिशांनासुद्धा ऐकू गेलं नाही. मग बेडूक कशाला उठतोय?

खाली लाल मुंग्या. बसायची सोय नाही. बिटकी उभी. पाय दुखले.

बिटकी निघाली. तुरु तुरु तुरु. गुरुजींकडं गेली.

"बेडूक उठेना. मी बसू कुठं?"

आवाज केवढा? मुंगीएवढा.

गुरुजी वाकले. म्हणाले, "बोलीन गं, बोलीन. पण घसा सुकलाय. तळं गढूळ झालंय. म्हैस हलली की पाणी निवळेल. मग पिईन. मग बोलीन."

बिटकी निघाली. तुरु तुरु तुरु. म्हशीकडं गेली.

"म्हैसमावशी, गुरुजी बोलेनात. बेडूक उठेना. मी बसू कुठं?"

आवाज केवढा? चिमणीएवढा.

म्हशीनं कान हलवला. फट्. म्हणाली, "हलीन गं, हलीन. पण गोचीड चावतोय. म्हणून तर पाण्यात बसलेय. कावळ्यानं टिपला की हलीन."

बिटकी निघाली. तुरु तुरु तुरु. कावळ्याकडं गेली.

"कावळेदादा, म्हैस हलेना. गुरुजी बोलेनात. बेडूक उठेना. मी बसू कुठं?"

आवाज केवढा? कोंबडीएवढा.

कावळा चोचीच्या फटीतून म्हणाला, "टिपीन गं, टिपीन. पण चोच चिकटलीय. फणस खाल्ला. तेल लावलं की सुटेल."

चोचीला तेल न लावता फणस खातात का कुणी? पण कावळाच तो. त्याला सांगणार कोण?

बिटकी निघाली. तुरु तुरु तुरु. भागोजी तेल्याकडं गेली. बैल फिरतोय. घाणा फिरतोय. करकर करकर.

"भागोजीबाबा, कावळा टिपेना..."

भागोजीबाबा म्हणाले, "काय? घाण्यापुढं ऐकू येत नाही. पोटातनं बोल."

बिटकीनं शेपूट उभारलं. पोट फुगवलं.

"भागोजीबाबा, कावळा टिपेना. म्हैस हलेना. गुरुजी बोलेनात. बेडूक उठेना. मी बसू कुठं?"

आवाज केवढा? म्हशीएवढा. तळ्यातनं म्हैस म्हणाली, "आं?"

बैल थांबला. घाणा थांबला. करकर गप्प.

भागोजीबाबा म्हणाले, "अगं, ओरडतेस कशाला? कान आहेत मला."

आणि पानावर तेल दिलं. थेंबभर.

तेल लागलं, चोच सुटली. चट्.
कावळ्यानं गोचीड टिपला. टक्.
म्हैस उठली. भुस्स.
पाणी निवळलं. गुरुजी प्यायले. गटक गटक.

गुरुजींनी घसा खाकरला. चोच उघडली. "अरे बेड..."

"थांबा गुरुजी," बिटकी म्हणाली. "मी सांगते."

बेडकापुढं गेली. शेपूट उभारलं.

"बेडक्या, ऊठ. बसकर माझं आहे. आईनं शिवलंय."

बेडकानं एक डोळा उघडला. मग दुसरा.

"तुझं होय? मग आधी नाही का सांगायचं? मला वाटलं, कुणीतरी टाकून दिलंय."

टाकून दिलंय म्हणे. लबाड कुठला. पण उठला.

"मग मी बसू कुठं?" बेडूक म्हणाला.

"चिखलात बस. तुला तेच आवडतं."

"ते खरंय," बेडूक म्हणाला. आणि गेला. डुबुक.

बिटकी बसली. मऊ मऊ.

आणि शेवटी बोलली, तो आवाज केवढा होता? बिटकीएवढा. तेवढा पुरला.

बसकर बिटकीचं, चिखल बेडकाचा, गोष्ट तुमची. पळा आता.