डाव्या कडेचा माणूस

"चाचा, हा फोटो अरुंद कसा झाला?"

शलाकानं विचारलं, आणि विचारताक्षणीच तिला वाटलं, नको होतं विचारायला.

दोरीवर चोवीस फोटो होते. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी ओळीनं लटकवलेले. तेवीस एका मापाचे. एक तेवढा दोन बोटं कमी.

आणि त्याची डावी कड सरळ नव्हती. कात्री चालवता चालवता हात मध्येच थांबला असावा, मग पुन्हा चालला असावा… तशी.

मुल्लाचाचा स्टुलावर बसून चहा बशीत ओतत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कापलाय," ते म्हणाले.

"कुणी?"

"ज्याचा आहे त्यानं."

"पण का?"

"मागं वाच की. तुझंच अक्षर आहे."

शलाका मगदूम दचकली. तशी ती कशानंही दचकायची. दारावर थाप पडली तरी, शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी. पण आज फोटोकडे गेलेला हातही तिनं मागं घेतला.

मिरजेच्या एका बोळात चाचांचा स्टुडिओ होता. पंचेचाळीस वर्षं त्यांनी तिथं लग्नाळू मुलींचे, पासपोर्टवाल्यांचे आणि बारशातल्या रडक्या बाळांचे फोटो काढले. आता धंदा बंद, पण रविवारी सकाळी दार उघडायचं. हौशी माणसं यायची. एक नर्स, एक गिरणीवाला, दोन मास्तर, असे कोण कोण. प्रत्येकानं एकच फोटो आणायचा, कागदावर छापलेला. तो आठवडाभर दोरीवर राहायचा. पुढच्या रविवारी तो परत मिळायचा आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं अभिप्राय लिहिलेला असायचा. घरी नेऊन वाचायचा, पटलं तर काही करायचं, आणि पुन्हा आणून दाखवायचं.

पूर्वी ती पेन्सिल चाचांच्या हातात असे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तशी दिवाळीपासून ती शलाकाकडे आली.

शलाका कोल्हापूरला कॉलेजात फोटोग्राफीच शिकलेली. तरी पहिल्या रविवारी तिनं प्रत्येक वाक्य दोनदा खोडलं. कुणाला लागलं तर? कुणी रागावलं तर? म्हणून तिनं एक रीत बसवून घेतली. पहिल्या ओळीत चांगलं काय, दुसरीत खटकलं काय, तिसरीत उपाय. कुणाला लागलं नाही. उलट लोक खूश झाले. गिरणीवाला तर तिला मॅडम म्हणू लागला, मग सगळेच म्हणू लागले. तेविसाव्या वर्षी मॅडम! ती लाजायची, आणि कुणी म्हणायचं विसरलं की मनातल्या मनात मोजायची.

तिनं चिमटा काढला. फोटो उलटा केला.

पहिली ओळ होती, "जाळीतून आलेला प्रकाश छान पकड"

दुसरी, "डाव्या कडेचा माणूस उगाच नजर खे"

तिसरी, "तेवढी पट्टी कापली तर चित्र मोक"

कात्री पुढून माणसावर चालली होती आणि मागून तिच्या ओळींच्या शेपटांवर.

"मी सुचवलं होतं फक्त," ती म्हणाली. "मला वाटलं, पुढच्या वेळी लक्षात ठेवतील."

"त्यानं ह्याच वेळी ठेवलं."

…

फोटो भाऊसो चौगुल्यांचा. तासगावच्या पुढं एका बेदाण्याच्या शेडवर ते कामाला होते. बैठकीत कायम मागं बसायचे, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून, शाळा तपासायला साहेब आल्यावर पोरं बसतात तसे. आज बाकी सगळे येऊन गेले, ते मात्र आलेच नव्हते. वडापच्या जीपच्या ड्रायव्हरकडे फोटो पाठवून दिलेला.

"ते का आले नाहीत, चाचा?"

"काम असेल."

"रागावले असतील."

"असतील."

"तुम्ही मला धीर द्यायला हवा!"

"मग काम असेल."

शलाकानं वहीतून नंबर काढला आणि लावला. पलीकडे एकदम टाळमृदंग दणाणले, ती दचकली. भाऊसोंनी फोनला अभंग लावून ठेवला होता. अभंग संपला. कुणी उचललं नाही.

पुन्हा लावला. पुन्हा अभंग.

"त्यांच्याकडं दुसरी प्रत असेल ना?"

"कशी असेल? एकच छापला होता."

"पण मोबाइलमध्ये असेलच की."

"तो मोबाइल द्राक्षं बुडवायच्या टाकीत पडला. छापून आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मग मी आत्ता फोन कुठं लावतेय?"

"नव्या मोबाइलवर. नंबर जुना, डबा नवा." चाचांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. "फोटो थोडेच पोहून वर येतात?"

शलाकाला हसू आलं नाही. म्हणजे ती पट्टी गेली ती गेलीच.

"मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं," ती म्हणाली. आवाज चढला, तसा लगेच खाली आणला. "मागच्या रविवारी. सगळे अभिप्राय. हाही. तुम्ही मला थांबवलं नाही."

"नाही थांबवलं."

"म्हणजे चूक नव्हतं?"

"बरोबर होतं."

"मग?"

"मग काय?"

"मग मला असं का होतंय?"

चाचांनी बशी खाली ठेवली. तिला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. निदान आपण कुठं उभे आहोत ते तरी कळलं असतं.

"चौथ्या ड्रॉवरमध्ये कागद आहे," ते म्हणाले. "दोन बोटं रुंदीची एक पट्टी काप."

तिनं कापली. कडेला सरळ, नीट.

"फोटोला मागून जोड. ओळी तुटल्यात तिथं."

तिनं चिकटपट्टीनं जोडली.

"ही घे पेन्सिल. पुऱ्या कर."

हे सोपं होतं. शलाकानं पहिल्या ओळीपुढं "लाय" लिहिलं. दुसरीपुढं "चतो". तिसरीपुढं "ळं होईल". मान वर करून पाहायचीसुद्धा गरज पडली नाही. शेवटी पूर्णविराम दिला, तोही पूर्वीसारखाच जरा जाड.

"झालं."

"लवकर झालं."

"पाठच आहे मला."

"हां," चाचा म्हणाले. "आता सुलटा कर."

तिनं फोटो सुलटा केला. एका बाजूला बेदाण्याची शेड, आणि डाव्या कडेला ती कोरी पांढरी पट्टी.

"आता त्याला काढ."

"कुणाला?"

"जो होता त्याला. चित्र चांगलं नाही आलं तरी चालेल. रेघोट्या मार. टोपी होती का, उंच होता का, कुठं बघत होता… जे असेल ते."

शलाकानं पेन्सिल टेकवली.

टोपी? की मफलर? उभा होता एवढं नक्की. की टेकला होता? अंगात पांढरं काहीतरी… की तो मागचा पत्रा होता? तिनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढं तिचंच वाक्य आलं. नीट, गोल अक्षरातलं. माणूस नाही आला.

पेन्सिलीचा एक ठिपका उमटला. तेवढाच.

"चाचा…"

"बोल."

"तो… पुरुषच होता ना?"

चाचा मोठ्यानं हसले. हसता हसता खोकला आला.

"मला काय विचारतेस? मोतीबिंदू मला झालाय."

ते चेष्टा करतायत की आणखी काही, तिला कळेना. आजकाल तिला त्यांचं काहीच कळत नसे. कॉलेजात सगळं कळायचं. चौकटीचे तीन भाग, रिकामी जागा, नजरेची वाट. परीक्षेत पहिला वर्ग होता तिचा.

"मला आठवत का नाही?" ती म्हणाली. "मी बघितलं होतं. बघितल्याशिवाय का लिहिलं असेल?"

…

"बघितल्याशिवाय लिहिता येतं का, चाचा?"

बोळातून भंगारवाला ओरडत गेला. शलाका पुन्हा दचकली, आणि मग करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून उरलेल्या फोटोकडे पाहू लागली.

दोन माणसं प्लॅस्टिकच्या क्रेटवर बसलेली. वरच्या जाळीतून उन्हाचे चौकोन पडलेले. एकाच्या विजारीला दोन्ही गुडघ्यांवर ठिगळं, पण ठिगळं एकाच कापडाची, शिवण बारीक. कुणीतरी वेळ काढून लावलेली. दुसरा हसत होता. कॅमेऱ्याकडे बघून नाही. मान डावीकडे, जरा वर. त्याच्यापेक्षा उंच कुणीतरी आत्ताच काहीतरी चावट बोललं असावं, तसं हसणं.

ती त्याच्या नजरेमागून गेली. नजर पांढऱ्या पट्टीवर जाऊन थांबली.

मग तिला त्याचा खांदा दिसला.

खांद्यावर चार बोटं होती. करंगळीला चिंधी बांधलेली. बोटांमागं थोडं मनगट, आणि मनगटाला लागून कात्रीची वाकडी कड. कात्री थांबली होती ती नेमकी तिथंच.

"चाचा, ह्याच्या खांद्यावर हात आहे."

"असं?"

"हा मागच्या रविवारी होता?"

"मागच्या रविवारी हाताला पुढं माणूस होता म्हणतात."

तिचे डोळे भरून आले. ते दिसू नये म्हणून तिनं फोन उचलला. लावला. अभंग. कापला. लावला. पुन्हा अभंग. आता तिला पहिला चरण तोंडपाठ झाला होता, आणि त्याचाच तिला राग येत होता.

"काय बोलणार आहेस?" चाचांनी विचारलं.

"माफी मागणार."

"कशाची?"

"मी लिहिलं त्याची."

"ते बरोबर होतं म्हटलं ना मी."

"मग… त्यांनी कापलं त्याची."

"त्यानं कापलं, आणि माफी तू मागणार?"

"चाचा, प्लीज!" ती जवळजवळ ओरडली. मग हळू म्हणाली, "तो कोण होता एवढं तरी विचारते. त्यांचा भाऊ असेल. कुणी मित्र असेल. नसेल आता… माहीत नाही. नाव तरी विचारते."

"विचार."

"आणि पुढच्या रविवारपासून पेन्सिल तुम्ही घ्या. मला नको."

चाचांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, तिला कळलं नाही.

तिनं नंबर पुन्हा दाबला. अभंग सुरू झाला. ती मनात वाक्य जुळवू लागली. भाऊसो, मी शलाका, तुमचा फोटो पाहिला… नको. भाऊसो, माझं चुकलं… तेही नको. भाऊसो, तुम्ही रागावला असाल…

अभंग मध्येच तुटला.

"हॅलो!"

फोन तिच्या हातातून निसटता निसटता राहिला. सावरताना कुठंतरी बोट लागलं आणि आवाज खोलीभर झाला. मागं कसलं तरी मशीन धडधडत होतं, त्यावरून भाऊसो ओरडून बोलत होते. राग नव्हता. आवाजात आनंद मावत नव्हता.

"मॅडम, तुमी व्हय! आवो शेडवर हुतो, मोबाइल खोपटात. पोचला का फोटू? तुमी सांगितल्यालं तसंच कापलं बगा. माप घेऊन कापलं, हात वाईच हलला तेवढा. आता चांगला दिसतोय न्हवं?"

"भाऊसो, तो डावीकडचा…"

"त्यो काढला की! समदा काढला. आनी अजून कुनी जास्त हुत असंल तर सांगा, लाजू नका. दोगं राहिल्यात. ह्यातला कुनाला काढू?"

शलाकाचं तोंड उघडं राहिलं. जुळवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. तिनं चाचांकडे पाहिलं.

"मॅडम?" फोनमधून आवाज आला. "ऐकताय न्हवं?"

चाचा स्टुलावर पुढं सरकून बसले होते. मान किंचित तिरपी करून ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"आता तुझा फोटो निघतोय, पोरी," ते म्हणाले. "हलू नकोस."