टांग्यांच्या शर्यतीवर शाहिराची पैज

बाजीसाहेब जहागीरदारांना आपल्या घोड्यांचा भारी गर्व. टांग्यांच्या शर्यतीआधी त्यांनी पाहुणा म्हणून आलेल्या शाहीर गेनबाला डिवचलं, "पहिले तीन कोण, ते ओळीने सांगा. जमलं तर पांढरी घोडी तुमची. चुकलात तर डफ इथेच ठेवून जायचं!"

गेनबाने घोड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "पहिले सरकार, दुसरे जावईबापू, तिसरे दिवाणजी."

टांगे सुटले. दिवाणजींचा घोडा तर लंगडत होता, पण मागचे सगळे आपापले लगाम खेचून धरत होते. निकाल अगदी तसाच लागला.

जहागीरदार थक्क झाले. "घोड्यांची एवढी पारख कुठे शिकलात?"

"घोड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही, सरकार," घोडी सोडवून घेत गेनबा म्हणाला. "काल तुमच्या पंगतीत याच क्रमाने पानं वाढली होती."