काळू मरतो ती जागा

“पण कुत्रा मरायलाच कशाला हवा?”

उद्धवनं हे विचारलं तेव्हा मी कुंपणापाशी शेवग्याच्या शेंगा काढत होते. शेंगा कधीच काढून झाल्या होत्या, पण पाय निघेना.

तातोबा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते.

तातोबा आमचे शेजारी. उभा जन्म सायकलवरून गावोगावच्या शाळांत जाऊन पोरांना गोष्टी सांगितल्या. उद्धव त्यांच्याच हाताखाली तयार झाला. आता तातोबांचे गुडघे गेलेत, आणि उद्धव मोटारीतून फिरतो, कानाला माइक लावतो. नाव झालंय त्याचं. ते त्याला ठाऊकही आहे.

बोलणं चाललं होतं ते नावाड्याच्या कुत्र्याच्या गोष्टीवर. पुरात नाव वाहून जायला लागते. नावाड्याचा काळू दोराचं टोक तोंडात धरून काठाला येतो, झाडाला वेढा घालतो आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत दोर दातांतून सोडत नाही. मग सगळे त्याला उठवायला जातात... तर तो उठत नाही.

उद्धवनं ती गोष्ट बदलली होती. त्याचा काळू उठतो, अंग झाडतो, दूधभात खातो. पोरं टाळ्या वाजवतात. शाळांना हल्ली हेच हवंय, तो सांगत होता, मुलांच्या मनावर ओरखडा नको. जुन्या लोकांना तर कुत्रा मारल्याशिवाय गोष्ट संपवताच यायची नाही. पुस्तकात लाडका कुत्रा दिसला की समजावं, हा काही शेवटच्या पानापर्यंत टिकत नाही.

“खातो का पोटभर?” तातोबांनी विचारलं.

“कोण?”

“तुझा काळू. दूधभात.”

उद्धव हसला. मग हसू गेलं. आवाज एकदम खाली आला, आणि मला दोन पावलं पुढं सरकावं लागलं.

आवाज खाली आणला तो मुक्तासाठी. त्याची मुलगी, तिसरीतली. फाटकाबाहेर गाडीत बसली होती, काच वर करून.

त्यांचा कुत्रा टिप्या दिवाळीच्या आधी गेला. पोटाचं काही दुखणं झालं, औषधाला दाद दिली नाही. मुक्ता शाळेत होती. उद्धवनं तिच्या माघारी त्याला परसात पुरलं आणि ती घरी आल्यावर सांगितलं की टिप्याला मावशीच्या मळ्यात पाठवलंय, मोकळं फिरायला.

तेव्हापासून पोरगी रडली नाही. पण ताटावरून अर्धपोटी उठते. परवा त्यानं नवीन पिल्लू आणलं, तर हात लावला नाही त्याला. म्हणाली, हे पण जाईल.

“माझ्याकडून ती आता गोष्ट ऐकत नाही,” उद्धव म्हणाला. “तुमच्याकडून ऐकेल. काळूचीच सांगा. पण शेवट माझा.”

तातोबांनी सुपारी तोंडात टाकली.

“बोलाव तिला.” मग कुंपणाकडं न बघताच म्हणाले, “आणि तू पण आत ये, बाई. मान अवघडेल.”

गेले मी. शेंगा पदरात तशाच.

मुक्ता आली. पायरीवर बसली, बापापासून लांब. तातोबांनी तिला टिप्याबद्दल विचारलं.

“मळ्यात असतो,” ती म्हणाली. “तिथंच रमलाय. मला सोडून गेला तो.”

शाळेची वेळ सांगावी तसं सांगितलं तिनं. उद्धवनं मान खाली घातली.

तातोबांनी गोष्ट सुरू केली. दात मोजकेच उरलेत, आवाज फाटलेला. पण नदी आली की नदी दिसते त्यांच्या गोष्टीत. पाणी चढलं. दोर ताणला. नावेतली म्हातारी उतरली, तिची शेळी उतरली, शेवटी नावाडी उतरला.

“नावाडी म्हणाला, काळू, सोड आता दोर.”

तातोबा थांबले. उद्धव त्यांच्याकडं बघत होता. दोन्ही हात जोडल्यासारखे झाले होते त्याचे.

“...काळूनं सोडला नाही. काळू गेला होता.”

इथं तातोबांची एक रीत आहे. काळू गेला की ते गोष्ट तिथंच थांबवतात. मग ऐकणाऱ्यांपैकी ज्याचं कुणाचं जनावर गेलं असेल, त्यानं त्याचं नाव घ्यायचं. नुसतं नाव. शाळेत पोरं एकेक नाव घ्यायची. कुणाची शेळी, कुणाची कोंबडी. नावं संपल्याशिवाय तातोबा पुढं जायचे नाहीत.

“गंगी,” तातोबा म्हणाले. त्यांची गाय.

“मनी,” मी म्हणाले. माझी मांजर, इतकी वर्षं झाली तिला जाऊन.

मुक्तानं आमच्याकडं बघितलं. तिच्याकडं घ्यायला नाव नव्हतं.

तातोबा पुढं जाईनात.

उद्धवनं एकदा तोंड उघडलं, मिटलं. हजार पोरांपुढं न अडखळणारा माणूस...

“टिप्या,” तो म्हणाला.

मुक्ता वळली. “तो मळ्यात आहे ना?”

“नाही, बाळा.”

ती बापाच्या तोंडाकडं बघत राहिली. मग विचारलं, “मग तो मला सोडून नव्हता गेला?”

“नाही. शेवटी मान उचलवत नव्हती त्याला. तरी तुझ्या शाळेच्या रिक्षाचा आवाज येतो का, म्हणून कान उभे करत होता.”

मुक्ता रडली. आधी आवाजच फुटेना, मग असा फुटला की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. मी त्यांना हातानंच आत जा म्हणाले. ती सरकत सरकत बापाजवळ गेली आणि त्याच्या सदऱ्यात तोंड खुपसून रडत राहिली.

उद्धवचा हात तिच्या पाठीवर फिरत होता. तो घाबरला होता.

“तातोबा, बघा ना... काय करून बसलो मी. गप्प करा हो हिला.”

तातोबांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल,” ते म्हणाले. “तिचा कुत्रा आत्ता कुठं घरी आलाय.”