कानशीने घेतलेली परीक्षा

अवजारं आपसांत बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. गजाभाऊ पांचाळ घरामागच्या शेडमध्ये ग्राइंडरवर लोखंड घासायचे आणि त्या धुळीने खोकून खोकून वाकायचे. एकदा ते जेवायला गेले, तशी म्हातारी कानस कडाडली, "आज धूळ धरणारा नेमल्याशिवाय मी गप्प बसणार नाही!"

पंखा म्हणाला, "मी बाहेर फेकतो."

"बाहेर वहिनींचे पापड वाळतायत," कानशीने अडवलं.

कापडी पिशवी पुढे सरसावली. "सुताराकडे जन्म गेला माझा. धूळ म्हणजे धूळ!" सगळ्यांनी माना डोलावल्या. कोपऱ्यातलं पाण्याचं घमेलं हळूच "मी?" म्हणालं, तर सगळे हसले.

"आधी परीक्षा!" कानस हटून बसली. ग्राइंडर फिरला. पिशवी ठिणग्यांसकट गपागपा धूळ गिळत सुटली आणि थोड्याच वेळात तिच्या पोटातून धूर निघाला.

"घमेल्यात उडी मार!" कानस ओरडली. चुर्र झालं.

कानशीने घमेल्यालाच ग्राइंडरखाली बसवलं. खुंटीवर ठिबकणारी पिशवी रडकुंडीला आली. "धूळ लाकडाच्या भुशासारखीच तर दिसत होती हो!"

"दिसत होती," कानस म्हणाली. "पण विझली होती का?"