करवंदीच्या जाळीतले शहाणे

शाळेला इमारतीपेक्षा आवार मोठं असायचं, त्या काळची गोष्ट. एका शाळेच्या मागे करवंदीची जाळी होती. तिथे घोरपड, साळिंदर, ससे आणि झिपऱ्या नावाचा तरणा मुंगूस राहत.

एकदा झिपऱ्यानं खिडकीखाली हेडमास्तरांचं बोलणं ऐकलं आणि तो धावत आला. "इथं नवी इमारत होणार. उद्या वनखात्याच्या एक बाई जागा बघायला येतील. त्यांना कुणी राहताना दिसलं, तर जाळी सोडून बांधतील. उद्या सगळे बाहेर बसा."

घोरपडआजी हसली. "माणूस आला की बिळात शिरायचं. माझ्या आजीनं तेच केलं, म्हणून मी आहे."

"आजी, बीळच गेलं तर शिरशील कुठं?"

"आधी चार पावसाळे बघ, मग अक्कल शिकव," साळिंदरकाका गुरगुरले. जन्मभर लपलेल्यांना भित्रेपणालाच अनुभव म्हणायची सवय लागते.

बाई आल्या. उन्हात वाकून वाकून त्यांनी जाळी न्याहाळली. झिपऱ्या बाहेर झेपावला, तोच आजीनं त्याची शेपटी धरली. घोरपडीची पकड ती, सुटते कुठली? "इथं कुणीच राहत नाही," असं हेडमास्तरांना सांगून बाई निघून गेल्या.

मग बुलडोझर आला. झिपऱ्या कुंपणापलीकडून ओरडत राहिला, "आता तरी बाहेर पडा." जाळी आडवी झाली, बिळांवर माती लोटली जाऊ लागली. आतून आजीचा समाधानी आवाज आला, "गप्प बसा रे. अजून कुणी पाहिलं नाही आपल्याला."