भरलेलं ताट

देवसाळच्या राजांनी दिवाळीत पाहुण्यांवर, आतषबाजीवर आणि हत्तींच्या झुलींवर इतकं उधळलं, की भाऊबीजेला तिजोरी रिकामी झाली. खजिनदार नीळकंठपंत 'आवरा' म्हणून सांगून थकले होते. आता राजे जेवता जेवता म्हणाले, "पंत, सोपं आहे. रयतेनं दर सोमवारी उपास करावा. वाचलेलं धान्य विकून तिजोरी भरा."

पंतांनी कपाळाला हात लावला. "सरकार, रयत आधीच अर्धपोटी आहे. उपासानं काही वाचायचं, तर आधी ताट भरलेलं हवं. राज्यात तसं ताट मला एकच दिसतंय."

राजांच्या हातातली जिलेबी हातातच राहिली. मग ते ओशाळून हसले. त्या सोमवारपासून उपास सुरू झाला, पण फक्त राजवाड्यात. होळीपर्यंत तिजोरी सावरली आणि पंतांचा जीव भांड्यात पडला.