दोन दोऱ्यांचा खांदा

एकदा एक वृद्ध धनगर हाडवैद्य होता. त्याच्या हाताखाली बारा वर्षे शिकलेला एक शिष्य होता. एके सकाळी एक सासरा आपल्या सुनेला घेऊन आला. सून घोंगड्या विणायची. आठ दिवस तिचा डावा खांदा ठणकत होता, मागावर हात चालेना.

शिष्याने बोटे फिरवली आणि तो हरखला.

"बाबा, दंडाच्या स्नायूची दोरी खांद्यात एकच जाते ना? हिच्या दोन आहेत! एक वाढीव आहे, तीच दुखतेय."

"मग डागा," सासरा म्हणाला. "आमच्यात वाढीव शिरेला डागच देतात."

शिष्याने विळा विस्तवात घातला. सुनेने खांदा आवळला.

"हात गेला तर विणू कशानं, मामंजी? तुमच्या मिशांनी?"

"तोंड बघा हिचं!"

वृद्ध शांतपणे म्हणाला, "दे डाग. पण उजव्या खांद्याला."

"बाबा, तो तर धड आहे!"

"आधी चाचप."

शिष्याने चाचपले. तिथेही दोनच दोऱ्या. त्याचा हात थबकला.

"बाळा," वृद्ध म्हणाला, "मेंढी गाभडली की तिची दिवस न भरलेली मेली कोकरं मी उघडून पाहत आलोय. अगदी कोवळेपणी ही दोरी सांध्याच्या अस्तराला चिकटलेली असते. दिवस भरतात तशी सुटी होते. एखाद्याची अर्धीच सुटते, एखाद्याची दुभागते, कुणाला नसतेच. पोटातला जीव आपल्याला विचारून घडत नाही. मी तुला एकच असते असं शिकवलं, ते बहुतेकांचं. वेगळं म्हणजे रोग नव्हे. याच दोन दोऱ्यांवर हिनं इतकी वर्षं विणलं, तेव्हा कुणी वाढीव म्हटलं नाही. आता श्रमानं सूज आलीय. पंधरा दिवस विसावा आणि कोमट तेल. बस."

सासरा उठला. "पिढ्यान्‌पिढ्या डागत आलेत. तुम्ही नाही तर दुसरा डागेल. चल गं."

"मग पिढ्या चुकल्या," वृद्ध म्हणाला.

सून जागची हलली नाही. शिष्य मात्र उठला आणि दारात आडवा उभा राहिला.

"मामा, वाढीव हा शब्द माझा. चूकही माझी. डागून घ्यायला ही या दारातून जाणार नाही."

सासरा म्हाताऱ्याकडे वळला. "तुमचा शिष्य तुमचं ऐकतो की नाही?"

"आज पहिल्यांदा ऐकलं त्यानं."

शेवटी सासरा जोत्यावर टेकला आणि सुनेकडे न बघता पुटपुटला, "तेल कोणतं म्हणालात?"